डाव्या चाकाचं घर

पाचवं बेअरिंग.
काटा साठच्या वर गेला की डावीकडून घूंऽऽ.
आधी वाटतं रस्ता खरखरीत आहे,
मग वाटतं वारा,
मग वाटणं थांबतं, कळतं.
उजवीकडे वळवली की ओरडतं,
डावीकडे वळवली की गप्प,
पाहुण्यांसमोरच्या पोरासारखं.

गाडी आउडी. आमच्या देशापेक्षा दोन वर्षांनी थोरली.
नारिन ते आत-बाशी, दिवसाला दोन खेपा,
चार माणसं, पिठाची पोती, कधी एखादी मेंढी.
बाई चालवतेय म्हटल्यावर म्हातारे आधी मागे बसतात,
घाट उतरल्यावर पुढे येतात.

पहिलं बेअरिंग चिनी, सात महिने.
दुसऱ्याचा खोका जर्मन, आत कोण होतं देव जाणे.
तिसरं पेट्रोलपेक्षा लवकर संपलं.
चौथं भंगारातल्या गाडीचं,
त्यानं बिचाऱ्यानं बर्फ वितळेपर्यंत तग धरला.
कुणी म्हणालं, झुराखान एजे, नट जास्त आवळलास.
कुणी म्हणालं, कमी.
शेजारणीनं अर्चाची फांदी पेटवून
चाकाभोवती धूर फिरवला, तोही मी फिरवू दिला.
जखम मांडीला, मलम शेंडीला.

सातीबाल्दी उस्ता बोलत नाही फारसं.
दाबयंत्राखालून पाचवं निघालं तेव्हा
सहावं हातात घेतलंच नाही त्यानं.
रिकाम्या भोकात माप धरलं,
उभं. आडवं. तिरपं.
पुन्हा उभं.
चहा निवला.
मग म्हणाला, बेअरिंगं गुणी होती सगळी.
घर लांबोळकं झालंय,
केसाच्या दोन जाडींएवढं.
कधी आपटली होती?

नाही, मी म्हणाले. शपथेवर म्हणाले.
त्यानं माझं बोट धरून ठेवलं त्या जागी
जिथं लोखंड मुरगळलं होतं
आणि मुरगळीत गंज चढला होता,
सहा-सात हिवाळ्यांचा.
माझ्याकडे गाडी येऊन पाच झाले.

एकातेरिनबुर्गला फोन लावला.
एसेनगुल रात्रपाळीवरून नुकताच आलेला,
मागे कुणीतरी भांडी घासत होतं.
विचारलं.
भांड्यांचा आवाज तेवढा येत राहिला.
मग म्हणाला, दोलोनच्या उतारावर. धुकं होतं.
शिंगरू आलं आडवं, मी चारीत घातली.
शिंगराला काही नाही झालं, ताई.
सांगणार होतो, तिकिटाचं कर्ज फिटलं की.
मग म्हणाला, किमतीत सूट दिली होती ना तुला?

दिली होती.
अंगणात, सगळ्यांसमोर, हातावर हात मारून.
मला तेव्हा ती माया वाटली होती.
आईला तर रडू आलं होतं.

रात्री वहीत बेरीज मांडली.
पाच बेअरिंगं, पाच मजुऱ्या, बुडालेल्या खेपा:
सूट कधीच मागे पडली.
शिंगराची किंमत धरली तर
थोडं त्याच्या बाजूला जातं.
ती ओळ मी लिहून खोडली,
पुन्हा लिहिली.

उस्तानं दुसऱ्या गाडीचं घर आणलं, गोल.
सहावं बेअरिंग आत गेलं ते कुरकुर न करता,
जागेवर बसल्याचा एकच टक्.
जुनं घर मी मागून घेतलं.
खुराड्याच्या दाराला टेकण म्हणून बरं,
वाऱ्यानं हलत नाही.

आता साठ. सत्तर.
डावीकडे काही नाही.
मागच्या सीटवरचा पोरगा कुरूत चघळतोय
तेसुद्धा ऐकू येतं.
पुढचे आजोबा विचारतात,
रेडिओ का लावत नाहीस, पोरी?
एक मिनिट, मी म्हणते,
आणि मान जराशी वळवते,
उजवीकडे.